वांझ परागातून भरलेली कणगी

पालघर तालुक्यातील माकुणसारसारख्या गावात भाताची लोंबी बाहेर पडली, की शेतकऱ्याचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते: दाणा भरतोय की पोचट राहतोय? ऐन फुलोऱ्यात कडक ऊन, थंडी किंवा मुसळधार पाऊस आला तर फलधारणा बिघडते. हे वंध्यत्व त्या हंगामापुरते. भातात जन्मजात वंध्यत्वही आढळते आणि आजचा बहुतेक संकरित भात त्याच्याच आधारावर उभा आहे.

भाताच्या फुलात सहा पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर असतो. फूल दिवसा तास-दोन तास उघडते आणि बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. दोन जातींचा संकर करायचा तर एकीच्या प्रत्येक फुलातील पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात. एवढ्याशा फुलांतून शेताला पुरेल इतके बियाणे कसे मिळणार?

उत्तर १९७० साली चीनच्या हैनान बेटावर मिळाले. संशोधक युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना तिथे रानटी भाताचे एक रोप सापडले. त्याचा स्त्रीकेसर निरोगी होता, पराग मात्र निकामी. मूल होत नसले की आपल्याकडे आधी बाईला बोल लावतात. इथे उणीव नराची होती. तरीही ती पुढे जाते ती आईकडून! तिचे मूळ पेशीतील तंतुकणिकांत आहे आणि माणसाप्रमाणेच भातालाही तंतुकणिका आईकडूनच मिळतात.

अशा नरवंध्य रोपांशेजारी दुसऱ्या जातीच्या ओळी लावल्या की त्यांचा पराग वारा आणून देतो. या ‘बाप’ जातीत परागाची शक्ती परत आणणारी जनुके असल्याने संकरित रोपाचे दाणे भरतात. कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्राचा, १९९८ मध्ये प्रसारित झालेला ‘सह्याद्री’ हा संकरित भात याच पद्धतीचा.

मात्र संकरित भाताचे दाणे बियाणे म्हणून राखून ठेवू नयेत. पुढच्या पिढीत ती जनुके सर्व रोपांना सारखी मिळत नाहीत. काही लोंब्या भरतात, काही पोचट राहतात, पीक मागेपुढे तयार होते. म्हणून दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. तो खर्च झेपत नसेल, तर ‘कर्जत-३’सारखे सरळ वाण बरे, त्यांचे निवडलेले बियाणे पुढच्या हंगामातही पेरता येते.