छंद विमानांचा, भाग 6 : आधी वॉट बघा, मग अँपिअर

गेल्या आठवड्यात लायपो बॅटरीबद्दल लिहिलं तेव्हा चार्जरचा विषय मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याला पूर्ण लेख द्यायला हवा. विमान, मोटर, रिमोट यांवर हौसेने खर्च करणारा माणूस चार्जरपाशी आला की हात आखडता घेतो. फोमचं विमान आपटलं तर गोंद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा उडतं. चार्जर वाईट निघाला तर एकामागून एक बॅटऱ्या फुगतात, आणि एखादी पेटतेही. म्हणून माझा आग्रह आहे की विमानाच्या आधी चार्जर ठरवा.

दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘6 अँपिअर’ लिहिलेलं असतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘50 वॉट’ किंवा ‘80 वॉट’ असतं. खरी माहिती त्या बारीक अक्षरात आहे. लायपोचा एक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्टवर असतो. नवशिक्याच्या विमानात बहुधा थ्री एस, म्हणजे तीन सेलची, 2200 एमएएचची बॅटरी असते. ती ‘वन सी’ने, म्हणजे तिच्या क्षमतेइतक्याच प्रवाहाने, 2.2 अँपिअरवर चार्ज करायची. 12.6 गुणिले 2.2, म्हणजे साधारण 28 वॉट. इथे 50 वॉटचा चार्जर पुरून उरतो. पण वर्षभरात हात बसला आणि तुम्ही फोर एस, 5000 एमएएचच्या बॅटरीवर गेलात की 16.8 गुणिले 5, म्हणजे 84 वॉट लागतात. मग तोच चार्जर जेमतेम 3 अँपिअर देतो, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. तासाभराचं काम दोन तासांवर जातं. पुढे मोठं विमान घ्यायचं मनात असेल तर पहिल्यापासूनच 80-100 वॉटचा घ्या.

दुसरी गोष्ट बॅलन्सिंगची, आणि तिच्यात तडजोड नाही. थ्री एस बॅटरीला जाड तारांची जोडी असते आणि शिवाय चार बारीक तारांचा पांढरा प्लग. या बारीक तारांवरून चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो. तो प्लग जोडलाच नाही तर चार्जरला फक्त बेरीज दिसते. समजा एक सेल 4.35 वर गेला, बाकीचे 4.13 आणि 4.12 वर आहेत. बेरीज बरोबर 12.60! चार्जर समाधानाने ‘फुल’ दाखवतो आणि पहिला सेल आतून खराब होत राहतो. म्हणून पडद्यावर प्रत्येक सेलचा आकडा दाखवणाराच चार्जर घ्या, आणि दरवेळी ते आकडे वाचा. एखादा सेल नेहमीच मागे राहत असेल तर ती बॅटरी थकली आहे.

आता वीज. शहरातल्या लेखांत हा मुद्दा येत नाही, आमच्या वालावलमध्ये तो पहिला आहे. कर्ली नदीकाठचे कुणगे भातकापणीनंतर मोकळे होतात, दिवाळी झाली की उडवायला झकास जागा मिळते. (परुळे-चिपीचा विमानतळ जवळ आहे, तेव्हा सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय काहीही उडवू नका. त्यावर स्वतंत्र भाग येईल.) पण मळ्यात प्लग नाही, आणि घरी लाईट कधी जाईल याचा नेम नाही. नुसता घरच्या विजेवर चालणारा चार्जर अशा ठिकाणी अर्धाच उपयोगी. 12 व्होल्टची डीसी वीज थेट घेणारा, किंवा दोन्हीवर चालणारा चार्जर घ्या.

गावात बऱ्याच घरांत इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासांची बॅटरी असते. कागदावर तिच्यात 1800 वॉट-तास मावतात. आपल्या थ्री एस 2200ला लागतात सुमारे 25. म्हणजे लाईट नसतानाही चार-पाच बॅटऱ्या भरून घेतल्या तरी घरचे पंखे चालतील. इन्व्हर्टरमधून 230 व्होल्ट काढून पुन्हा खाली आणण्यापेक्षा चार्जर थेट बॅटरीच्या टोकांना जोडला तर वीज वाया कमी जाते. मात्र धन तारेवर 10 अँपिअरचा फ्यूज हवाच, आणि चार्जरच्या सेटिंगमध्ये ‘इनपुट कट-ऑफ’ 11.5 व्होल्टवर ठेवा, म्हणजे मोठी बॅटरी तळाला जाणार नाही. मळ्यात गाडीच्या बॅटरीवरही हे जमतं. फक्त ती इंजिन चालू करण्यासाठी बनवलेली असते, तिच्यावर चार-पाच चार्जिंग करून थांबावं.

वॉटचा हाच हिशेब आता शेतीतही येऊ लागला आहे. 2023 साली जाहीर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेमुळे फवारणीचे ड्रोन बचतगटांच्या हाती येऊ लागले. समजा अशा ड्रोनची बॅटरी बारा सेलची, 22,000 एमएएचची आहे. वन सीने चार्ज करायला 50.4 गुणिले 22, म्हणजे 1100 वॉटच्या वर लागतात. घरातला साधा प्लग एवढ्यातच संपत आला. खेळण्याच्या चार्जरवर हे गणित पक्कं झालेला मुलगा उद्या त्या बचतगटाच्या कामी येईल.

‘स्टोरेज मोड’ नसलेला चार्जर कोकणात घेऊच नका. जूनपासून उडवणं बंद होतं. भरलेली लायपो चार महिने कपाटात पडली तर फुगते, रिकामी पडली तर मरते. आगोटीची तयारी करताना प्रत्येक सेल 3.8 ते 3.85 व्होल्टवर आणून ठेवावा. स्वस्त चार्जर बॅटरी रिकामी करताना फक्त 5 वॉट खेचतो. भरलेली थ्री एस 2200 निम्म्यावर यायला अडीच तास जातात, फोर एस 5000ला सात तासांहून जास्त. तेव्हा ते काम पहिल्या पावसाच्या आदल्या रात्रीसाठी ठेवू नका. खाडीच्या दमट हवेत कनेक्टर काळे पडतात, म्हणून चार्जर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

शेवटी आगीबद्दल. लायपो लावून चार्जर चुकून निकेलच्या बॅटरीच्या मोडवर चालवला तर तो 4.2 व्होल्टला थांबत नाही, भरतच राहतो. सुरू करण्याआधी पडद्यावर ‘लायपो’ आणि सेलची संख्या वाचा, मगच बटण दाबा. जागाही ठरलेली असू द्या. चार जांभ्या चिऱ्यांचा चौकोन, तळाला वाळू, वर काही नाही, ओसरीच्या बाहेर आणि गवताच्या गंजीपासून लांब. बाजूला वाळूची बादली. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही. आणि चार्जिंग चालू असताना माणूस तिथे हजर पाहिजे. रात्री लावून झोपायचं नाही, मुलांवर सोडून बाजारातही जायचं नाही.

पुढच्या आठवड्यात सर्व्हो मोटरी.