मूकबधिर भावाचा अंगठा आणि कोर्टाचा कायदा

गावाकडची जमीन हा आपल्या मंडळातील बहुतेक घरांचा जिव्हाळ्याचा विषय. नोकरी इथे कतारमध्ये आणि तिकडे सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव. दर सुट्टीत वाटणीची बोलणी निघतात, चहा होतो, आवाज चढतात आणि विषय पुढच्या सुट्टीवर जातो. यातल्या काही घरांत एखादा भाऊ, बहीण किंवा आत्या असते, जिला ऐकू येत नाही, दिसत नाही किंवा समज कमी आहे. तिच्याबद्दल वाटणीच्या वेळी एकच वाक्य बोलले जाते, "त्याला काय कळतंय? अंगठा घ्या." या अंगठ्याबद्दल कायदा काय म्हणतो ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

मी संगणक अभियंता आहे, वकील नाही. दोह्याच्या उत्तरेला समैस्मा येथे राहतो. संध्याकाळी इथे समुद्राशिवाय फारशी सोबत नसते, त्यामुळे वाचायला वेळ मिळतो. कायदे वाचायची वेळ आली ती चुलतभावामुळे. तो जन्मापासून कर्णबधिर. मूकबधिर शाळेत सातवीपर्यंत शिकला, मराठी लिहितो-वाचतो, आज वेल्डिंगचे काम उत्तम करतो. काका गेल्यावर घरातल्याच काही मंडळींनी विजेच्या मीटरवर नाव चढवायचे आहे अशा खुणा करून त्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले. कागद होता हक्कसोडपत्राचा. पुढे फेरफार निघाला, तो बहिणीच्या पाहण्यात आला आणि प्रकार उघडकीस आला. सही करता येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतला होता, यावरूनच काय ते समजावे.

आता कायदा. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा जाऊन त्याच्या जागी २०१६ चा 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम' आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. (सरकारी कागदात आता 'दिव्यांग' शब्द असतो, गावात लोक 'अपंग'च म्हणतात. अर्ज करताना सरकारी शब्द वापरावा, वाद नको.) यातील कलम १३ प्रत्येकाने वाचावे. स्थावर-जंगम मालमत्ता बाळगणे, वारसाहक्काने घेणे, आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळणे आणि बँकेचे कर्ज मिळणे, हे हक्क अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आहेत. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, मदत करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ एखाद्या व्यवहारात आड येत असेल तर त्या व्यवहारापुरती त्याने मदत करायची नाही. केवळ नातेवाईक आहे म्हणून स्वार्थ गृहीत धरू नये, असेही कायदा सांगतो. पण ज्याच्या नावावर जमीन जाणार, त्यानेच खुणा करून समजावले, तर याहून उघड स्वार्थ कोणता?

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "तो मूकबधिर आहे, आम्ही त्याचे पालक," असे नातेवाईक बिनदिक्कत सांगतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते हे खरे, पण ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. नुसते ऐकू येत नाही म्हणून सज्ञान माणसाला पालक लागत नाही. आणि जिथे रीतसर पालक नेमला जातो, तिथे त्याला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. असा हिशेब देणारे 'पालक' आमच्या घरात तरी कोणी नव्हते.

मात्र याला दुसरी बाजू आहे. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागण्यासाठी, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. अज्ञान मुलाला आणि वेडसर व्यक्तीला मुदतीत सवलत आहे, बहिऱ्याला नाही. कायदा त्याला शहाणा धरतो, तो असाही. म्हणून "पुढच्या सुट्टीत बघू" हे आपले नेहमीचे वाक्य येथे महागात पडते.

वकिलाच्या फीची काळजी बहिणीला होती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. आमचा अर्ज अपंगत्वाच्या दाखल्याच्या प्रतीसह दिला आणि वकील मिळाला. वकील तरुण आहेत, पण कागद वाचून येतात.

खरी अडचण साक्षीची. ज्याला बोलता येत नाही तो कोर्टाला सांगणार कसा? २०१३ मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम १२५ म्हणून तीच तरतूद आहे. साक्षीदाराने भर कोर्टात लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यायची. ती तोंडी साक्षच मानली जाते. जो तोंडाने बोलू शकत नाही, त्याच्यासाठी कोर्टाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि जबानीचे चित्रीकरण करायचे. दुभाषी कसा असावा हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राजस्थानच्या एका खटल्यात सांगितले आहे. त्याचा खटल्यात स्वार्थ नसावा, त्याला शपथ द्यावी आणि साक्षीदाराला लिहिता येत असेल तर लेखी साक्ष घेणे जास्त चांगले. त्या खटल्यात साक्षीदार बाईचे वडीलच दुभाषी होते. तेव्हा घरातला माणूस उभा करून काम भागेल असे समजू नका. समोरचा वकील तिथेच धरतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. शाळेत न गेलेला कर्णबधिर माणूस बहुधा भारतीय सांकेतिक भाषा जाणत नाही. त्याच्या खुणा घरच्या, फार तर गावच्या असतात. मोठ्या शहरातून आणलेला प्रशिक्षित दुभाषी त्याच्यासमोर तितकाच परका. अशा वेळी त्याला ओळखणारा, पण वाटणीशी संबंध नसलेला शिक्षक उपयोगी पडतो. आमच्याकडे दुभाषी नाही म्हणून दोन तारखा फुकट गेल्या. मग लेखी अर्ज दिला. प्रश्न लिहून विचारावेत, उत्तर तो लिहून देईल आणि शाळेचे निवृत्त शिक्षक शेजारी असतील, असा. अर्ज मंजूर झाला. आधार होता २०१६ च्या कायद्याचे कलम १२. अपंग व्यक्तीची साक्ष तिच्या पसंतीच्या भाषेत आणि पद्धतीने नोंदवण्याची साधने पुरवणे ही सरकारची जबाबदारी असल्याचे ते सांगते. ४० टक्क्यांची जी अट आपण आरक्षणाच्या आणि योजनांच्या संदर्भात ऐकतो, ती या कलमात नाही.

अर्ज लेखी का, असे कोणी विचारील. सोय कायद्यात असली तरी कोणी ती आपणहून ताटात वाढत नाही. तळोजा तुरुंगातील फादर स्टॅन स्वामींचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. त्यांच्यावरील आरोपांशी मला येथे कर्तव्य नाही. ८३ वर्षांचे वय, कंपवाताने हात थरथरत, पेला धरता येत नाही म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी पाणी पिण्यासाठी नळी आणि नळीचा पेला मागितला. तेवढ्यासाठी विशेष न्यायालयात अर्ज, आणि तपास यंत्रणेला उत्तर द्यायला वीस दिवस! ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात ते वारले. जामिनाचा निकाल तोवर लागला नव्हता. पुढे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका प्रकरणात, कैदी तुरुंगात दाखल होतानाच त्याच्या अपंगत्वाची नोंद करून गरजा विचारून घ्याव्यात, असे निर्देश दिले.

वृद्ध आईवडील तिकडे असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो, कारण म्हातारपणी अपंगत्व कोणालाही येते. नोंदणी कायदा १९०८ चा. त्यात कलम ३८ प्रमाणे शारीरिक दुर्बलतेमुळे कार्यालयात येणे धोक्याचे किंवा फार त्रासाचे असेल, तर नोंदणी अधिकाऱ्याने घरी येऊन जबाब घ्यायचा किंवा आपला माणूस पाठवायचा. अर्धांगवायू झालेल्या वडिलांना खुर्चीसकट जिना चढवून नेणारी मुले मी पाहिली आहेत. त्याची गरज नव्हती. तसेच पोलिसांना साक्षीदार म्हणून अपंग व्यक्तीकडे चौकशी करायची असेल, तर राहत्या जागेखेरीज दुसरीकडे येण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये हे स्पष्ट आहे, आणि साठीच्या वरील पुरुषांना व सर्व स्त्रियांनाही ते लागू आहे.

या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी घरातील अशा व्यक्तीचा अपंगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र तयार आहे का, ते पाहावे. नसेल तर जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. सातबारा आणि फेरफार एकदा डोळ्याखालून घालावेत. आणि काही शंका आली तर विधी सेवा समितीला फोन इथूनही करता येतो. तिकडे साडेदहाला कचेरी उघडते तेव्हा इथे आठ वाजलेले असतात. कामावर पोचता पोचता बोलणे होऊन जाते.