विश्लेषण : खापरपणजोबांची नोंद शोधायची कशी?

कुणबी प्रमाणपत्रांच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत राज्यातील तहसील कचेऱ्या, शाळा आणि पुराभिलेखागारांतील जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली. आजोबांच्या मागची पिढी कुठे राहत होती, तिचे नाव कोणत्या कागदावर आहे, हा प्रश्न त्यामुळे अनेक घरांत प्रथमच विचारला गेला. शिक्षण, नोकरी आणि निवडणुकीतील आरक्षण या उत्तरावर ठरते. हा शोध नेमका कसा घेतला जातो, याविषयी…

जुन्या कागदाला एवढे महत्त्व का?

राज्यात २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. त्यासाठी ठरावीक तारखांपूर्वीचे पुरावे मागितले जातात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख मानली जाते. कागद जितका जुना, तितके त्याचे वजन अधिक. मात्र केवळ जुनी नोंद सापडून भागत नाही. त्या नोंदीतील व्यक्ती अर्जदाराचीच पूर्वज आहे, हे वंशावळीतून जोडून दाखवावे लागते.

कुठे शोधायचे?

सुरुवात घरातून होते. वडील आणि आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, खरेदीखते, लग्नपत्रिका, सेवापुस्तक पाहावे. त्यानंतर शाळेतील प्रवेश-निर्गम रजिस्टर. गावातील जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘कोतवाल बुका’त मिळते. तिच्यात अनेकदा बापाचे नाव आणि जातही लिहिलेली असते. जमिनीच्या बाजूने जायचे तर सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक धरून मागे सरकावे. वारस नोंदीचा फेरफार मृत खातेदार आणि त्याचे वारस एकाच ठिकाणी दाखवतो, त्यामुळे दोन पिढ्या जोडणारा तो सर्वात उपयोगी कागद ठरतो. सहा-ड उतारा, कुळ नोंदवही, मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक हेही तपासले जाते. यांतील बरेच कागद स्कॅन झाले असून महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांतील उतारे पाहता येतात.

मोडी आणि फसलीची अडचण काय?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या अनेक नोंदी मोडीत आहेत. मोडीत शब्द सलग लिहिले जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. त्यामुळे एकाच नावाची दोन वाचने होऊ शकतात. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू असल्याने मराठवाड्यात उर्दू वाचणाराही लागतो. काही ठिकाणी जात ‘कुण’ किंवा ‘कु’ अशी आखूड लिहिलेली आढळते.

दुसरी गफलत सालाची. फसली सनात ५९०, शके सनात ७८ आणि सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन ढोबळमानाने मिळतो. फसली १३४० म्हणजे १९३०-३१ आणि शके १८२० म्हणजे १८९८-९९. ही वर्षे जानेवारीत सुरू होत नसल्याने एखाद्या वर्षाचा फरक धरावा लागतो.

आडनाव नेहमीच उपयोगी पडते का?

नाही. जुन्या नोंदींत ‘अमुक बिन तमुक’ एवढेच नाव असते. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही मुळात वतने. ती अनेक जातींच्या घरांत आडनावे झाली. गाव सोडलेल्या माणसाला नव्या गावात मूळ गावावरून आडनाव पडले. म्हणून नाव, बापाचे नाव, गाव आणि जमिनीचा सर्वे नंबर या चारही गोष्टी जुळतात का, हे पाहावे लागते. बहुतेक जुन्या वंशावळींत मुलींची नावे नाहीत. त्यामुळे आईच्या बाजूने मागे जाणे फार अवघड होते.

सरकारी दप्तराबाहेर काय आहे?

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा मोठा आधार आहे. यात्रेला किंवा श्राद्धाला आलेल्या यजमानाचे गाव, कूळ, भावंडे आणि मुले यांची नावे त्यांत उतरवली जातात. अनेक घराण्यांनी कुलवृत्तांतही छापले आहेत. पुण्याचे पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ येथे मोडी दप्तरे आहेत. गिरमिट करारावर मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथल्या महात्मा गांधी संस्थेतील आगमन नोंदींवरून कोकणातले गाव शोधतात.

सध्याचा वाद नेमका कशावर?

निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यासाठी नेमली गेली. पुढे तिची कक्षा राज्यभर वाढली. राज्यात ५० लाखांहून अधिक कुणबी नोंदी आढळल्याचे सांगण्यात आले. पण नोंद आणि माणूस यांत फरक आहे. एकाच कुटुंबाच्या अनेक नोंदी असू शकतात आणि एका नोंदीवरून अनेक वंशजांना प्रमाणपत्र मिळू शकते. हैदराबाद गॅझेटियरमध्ये समाजाची संख्या आहे, व्यक्तींची नावे नाहीत. म्हणूनच २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात गावपातळीवरील समितीमार्फत चौकशीची तरतूद झाली. पुरावा इतका सैल झाला तर मूळ लाभार्थ्यांवर अन्याय होईल, असा ओबीसी संघटनांचा आक्षेप असून प्रकरण न्यायालयात गेले आहे.

अर्जदाराने काय काळजी घ्यावी?

कागदाची मूळ नोंद कुठे आहे, हे टिपून ठेवावे आणि प्रत साक्षांकितच घ्यावी. मोडी किंवा उर्दू कागदाचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे. पडताळणीत दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहते. शाई, अक्षर आणि आधी-नंतरच्या नोंदी जुळल्या नाहीत तर दावा फेटाळला जातो. खोट्या कागदावर घेतलेले प्रमाणपत्र रद्द होते, मिळालेला लाभ काढून घेतला जातो आणि फौजदारी कारवाईही होऊ शकते. एखादी पिढी जुळत नसेल तर ती जागा मोकळी ठेवून पुढचा कागद शोधणे केव्हाही शहाणपणाचे. आणि घरात ऐंशी-नव्वदीचे कुणी असेल, तर कचेरीची पायरी चढण्याआधी त्यांच्याकडून नावे, गावे आणि नाती लिहून घ्यावीत. दप्तरात काय शोधायचे, हे त्यावरूनच कळते.