पांढऱ्या शाईविना फिकट कापडावरील थेट वस्त्रछपाई : तंत्र, मर्यादा आणि कुडव्यासारख्या गावातील उपयोजन

सारांश :

संगणकाच्या साहाय्याने तयार कपड्यावर थेट शाई फवारून चित्र उमटविण्याच्या तंत्रास 'डायरेक्ट टू गारमेंट' अथवा 'डीटीजी' छपाई असे म्हणतात. हे तंत्र दोन प्रकारे वापरले जाते. एका प्रकारात रंगीत शायांच्या जोडीला पांढरी शाई असते, तर दुसऱ्या प्रकारात केवळ चार रंगीत शाया असतात आणि पांढरेपणाचे काम कापडाकडे सोपविलेले असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचे शास्त्रीय तत्त्व, कापडाची निवड, प्रक्रिया व मर्यादा यांचे विवेचन केले असून गोंदिया शहरालगतच्या कुडव्यासारख्या ठिकाणी अल्प भांडवलाच्या उद्योगास तो कितपत उपयुक्त ठरेल याचा विचार केला आहे.

बीजशब्द : डीटीजी छपाई, पिगमेंट शाई, वजाबाकीचे रंगमिश्रण, सुती कापड, लघुउद्योग.

प्रस्तावना :

वस्त्रनिर्मिती ही विदर्भाची जुनी ओळख आहे. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील कोष्टी विणकरांनी कोशाच्या कापडाची परंपरा जपली. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. तो प्रामुख्याने भाताचा व राईस मिलचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंदिया जंक्शन हावडा-मुंबई मार्गावर असल्याने तयार सुती कपडे येथे आणणे कठीण नाही. शहराला लागून असलेल्या कुडव्यासारख्या गावात शिकलेल्या तरुणांपुढे मात्र अल्प भांडवलात कोणता व्यवसाय करावा हा प्रश्न कायम असतो.

शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, क्रीडास्पर्धा, गणेशोत्सव व नवरात्र मंडळे यांना छापील टी-शर्ट लागतात. या मागणीचे वैशिष्ट्य असे की, नगांची संख्या थोडी आणि चित्रे मात्र प्रत्येक वेळी निराळी असतात. अशा मागणीला डीटीजी छपाई सोयीची आहे. परंतु यंत्र घेताना पांढरी शाई असलेले घ्यावे की नसलेले, या पहिल्याच प्रश्नावर व्यवसायाचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून या प्रश्नाचा शास्त्रीय अंगाने विचार करणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१) पांढऱ्या शाईविना पांढरा रंग कसा मिळतो हे स्पष्ट करणे.
२) या पद्धतीस योग्य अशा कापडाचे गुणधर्म सांगणे.
३) पद्धतीचे आर्थिक फायदे व मर्यादा यांचा तौलनिक विचार करणे.

तंत्राचा विकास :

कागदावर छपाई करणारे इंकजेट यंत्र कपड्यासाठी वापरण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. अमेरिकेतील मॅथ्यू ऱ्होम यांनी १९९६ मध्ये अशा यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला व २००० मध्ये ते त्यांना मिळाले. २००५ च्या सुमारास ब्रदर या जपानी कंपनीचे जीटी-५४१ हे यंत्र बाजारात आले. त्यात सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी अशा चारच शाया होत्या. ते यंत्र मुळातच पांढऱ्या व फिकट कपड्यांसाठी योजलेले होते. गडद कपड्यांसाठी पांढरी शाई देणारी यंत्रे पुढे प्रचारात आली. एप्सन कंपनीने २०१३ मध्ये आणलेले एफ-२००० हे यंत्र पांढऱ्या शाईसह किंवा केवळ रंगीत शायांसह, अशा दोन्ही रूपांत उपलब्ध होते. यावरून असे दिसून येते की, पांढऱ्या शाईचा अभाव ही यंत्राची उणीव नसून ती एक स्वतंत्र कार्यपद्धती आहे.

पांढरा रंग येतो कोठून?

जलरंगात निसर्गचित्र काढणारा विद्यार्थी ढगांसाठी पांढरा रंग लावत नाही. तेवढा कागद तो कोरा राखतो. चार शायांच्या छपाईचे तत्त्व हेच आहे. या शाया बहुतांशी पारदर्शक असतात. प्रकाश शाईच्या थरातून कापडापर्यंत जातो, कापडावरून परावर्तित होतो आणि पुन्हा त्याच थरातून डोळ्यांपर्यंत येतो. या प्रवासात सायन शाई मुख्यतः तांबडा, मॅजेंटा शाई हिरवा व पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते. प्रकाशातून काही भाग वजा होत जातो, म्हणून यास वजाबाकीचे रंगमिश्रण म्हणतात. जेथे शाई पडत नाही तेथे कापडाचा रंग दिसतो.

याचा अर्थ असा की, छापील रंग हा शाई व कापड या दोहोंचा गुणाकार असतो. उदाहरणादाखल असे समजू की, पांढरे कापड निळ्या प्रकाशाचा ९० टक्के भाग परत पाठविते आणि फिकट पिवळे कापड ४० टक्के. सायन शाईच्या थरातून जाऊन-येऊन निळ्या प्रकाशाचा ८० टक्के भाग टिकतो असे धरल्यास पांढऱ्या कापडावरून डोळ्यांपर्यंत ७२ टक्के, तर पिवळ्या कापडावरून ३२ टक्केच निळा प्रकाश पोहोचेल. परिणामी एकच शाई पहिल्या कापडावर निळसर व दुसऱ्यावर हिरवट दिसेल. शाई वाढवून हा फरक भरून काढता येत नाही. कारण अधिक शाई म्हणजे अधिक वजाबाकी. कापडापेक्षा उजळ असा कोणताही रंग या पद्धतीने छापता येत नाही, हा तिचा मूलभूत नियम आहे.

गोंदिया जिल्ह्याचे भूषण असलेल्या सारस पक्ष्याचे चित्र विचारात घेतल्यास हा नियम अधिक स्पष्ट होईल. सारसाचे अंग राखाडी आणि डोके व मानेचा वरचा भाग लाल असतो. पांढऱ्या सुती टी-शर्टवर काळ्या शाईचे विरळ ठिपके राखाडी छटा देतात, तर मॅजेंटा व पिवळ्या शाईच्या मिश्रणातून लाल रंग मिळतो. तेच चित्र फिकट पिवळ्या टी-शर्टवर छापल्यास लाल रंग बव्हंशी टिकेल, परंतु राखाडी अंग पिवळसर मळकट दिसेल. काळ्या टी-शर्टवर तर चित्र जवळजवळ दिसणारच नाही. तेथे पांढऱ्या शाईचा अस्तर द्यावाच लागतो.

पांढऱ्या शाईची अडचण :

पांढऱ्या शाईतील रंगद्रव्य म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड होय. त्याची घनता पाण्याच्या सुमारे चौपट असल्याने ते शाईत तळाशी बसते. यंत्र काही दिवस बंद राहिले तर नळ्यांत गाळ साचतो व प्रिंट हेडची सूक्ष्म छिद्रे बुजतात. ते टाळण्यासाठी शाई सतत फिरती ठेवावी लागते, हेड वारंवार स्वच्छ करावे लागते व त्यात शाई वाया जाते. शिवाय पांढरी शाई कापडात मुरू नये म्हणून छपाईपूर्वी कापडावर क्षारयुक्त द्रावण फवारून ते वाळवावे लागते. हा थर चढल्याने छापील भाग हाताला किंचित जाड लागतो.

केवळ रंगीत शाया वापरल्यास यातील बऱ्याचशा अडचणी टळतात. पूर्वप्रक्रिया सुती कापडावर ऐच्छिक राहते, वेळ व शाई वाचते आणि शाई धाग्यांत मुरल्याने कापड मऊ व हवेशीर राहते. तथापि देखभाल अजिबातच लागत नाही असे मात्र नाही. पाण्यावर आधारित कोणतीही शाई कोरड्या हवेत छिद्राशी सुकते. गोंदियात उन्हाळ्यात तापमान ४२ अंशांच्या वर जाते व हवा अतिशय कोरडी होते. त्यामुळे खोलीतील आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राखणे व हेड रोज तपासणे येथे अगत्याचे आहे.

कापडाची निवड :

पांढरेपणाची जबाबदारी कापडावर आली की कापडाची पारख हेच मुख्य कौशल्य ठरते. या दृष्टीने पुढील बाबी महत्त्वाच्या आहेत.

१) तंतू : शाईतील रंगकण तंतूशी रासायनिक संयोग पावत नाहीत, बंधक द्रव्य त्यांना तंतूवर चिकटवून ठेवते. हे काम शंभर टक्के सुती कापडावर उत्तम होते. पॉलिस्टर पाणी फारसे शोषत नसल्याने त्यावर साध्या शाया पसरतात व धुण्यात लवकर फिकटतात. मिश्र कापडावर परिणाम मध्यम राहतो.

२) पृष्ठभाग : बारीक, विंचरलेल्या सुताचे घट्ट विणीचे होजिअरी कापड ठिपके नेमके धरते. ज्या कापडावर सुटे तंतू अधिक, त्यावर काही धुण्यांनंतर हे तंतू वर येतात आणि चित्रावर पांढुरकी लव पसरल्यासारखी दिसते.

३) पांढरेपणाची जात : सर्व पांढरी कापडे सारखी नसतात. मांजरपाट पिवळसर असतो, तर धुवट कापडाला चमक आणणारी द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश देतात. एकच चित्र या दोहोंवर निराळे दिसते. म्हणून प्रत्येक कापडासाठी संगणकात वेगळी रंगनोंद तयार ठेवणे इष्ट होय.

४) खळ : नव्या कापडातील खळ शाई मुरू देत नाही. खळीचे कापड आधी धुऊन घ्यावे लागते.

कोशाच्या कापडाचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशापासून मिळणारे हे रेशीम मुळातच मधाळ रंगाचे असते. त्यावर चार शायांची छपाई केल्यास चित्रातील सर्वांत उजळ छटा कोशाचीच राहील. तपकिरी, विटकरी व काळ्या रंगांच्या आकृतींना हा पाया शोभून दिसतो, परंतु स्वच्छ निळा रंग त्यावर येणार नाही. रेशीम अति उष्णतेने पिवळे पडते, हे लक्षात घेऊन आधी तुकड्यावर चाचणी घेणे श्रेयस्कर ठरते.

छपाईची प्रक्रिया :

प्रथम टी-शर्ट हीट प्रेसखाली काही सेकंद दाबून त्यातील ओलावा काढतात व तंतू बसवून घेतात. सुती कापड प्रमाणित हवामानात वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरते. पावसाळ्यात तो वाढतो व शाई पसरते. त्यानंतर कपडा यंत्राच्या पाटावर सुरकुती न ठेवता बसवून छपाई केली जाते. शेवटी शाईच्या उत्पादकाने दिलेल्या सूचनेनुसार, साधारणतः १६० ते १८० अंश सेल्सिअस तापमानावर, अर्धे ते दीड मिनिट दाब देऊन शाई पक्की करतात. या उष्णतेने बंधक द्रव्याचा अखंड पापुद्रा तयार होतो. ही पायरी अपुरी राहिली तर पहिल्याच धुण्यात रंग उतरतो.

चित्र तयार करतानाही एक दक्षता आवश्यक असते. चित्राची पार्श्वभूमी पडद्यावर पांढरी भासली तरी ती पूर्ण पांढरी नसेल, तर यंत्र तेथे अतिविरळ शाई टाकते आणि चित्राभोवती फिकट पिवळट चौकोन उमटतो. म्हणून पार्श्वभूमी पूर्णपणे काढून टाकणे हाच योग्य मार्ग होय.

आर्थिक विचार :

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट तयार करावी लागते. हा खर्च नगांची संख्या कितीही असली तरी तेवढाच राहतो. डीटीजीमध्ये चौकटीचा खर्च नाही, मात्र प्रत्येक नगाचा खर्च अधिक असतो. समजा, चार रंगांच्या चौकटींना एकूण १,६०० रुपये व नंतर प्रत्येक नगास १५ रुपये लागतात, आणि डीटीजीला प्रत्येक नगास ६० रुपये लागतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. १,६०० ला ४५ ने भागले असता ३५.६ येतात. म्हणजे ३५ नगांपर्यंत डीटीजी आणि ३६ नगांपासून पुढे स्क्रीन प्रिंटिंग स्वस्त पडेल. प्रत्यक्ष आकडे घालून हे गणित कोणत्याही व्यावसायिकास करता येईल.

पांढरी शाई घेतल्यास प्रत्येक नगाचा खर्च वाढतो व ही सीमारेषा आणखी खाली येते. त्याहून गंभीर बाब अशी की, लहान गावात काम हंगामी असते. स्नेहसंमेलन व उत्सवांचे महिने संपले की यंत्र कित्येक दिवस स्वस्थ बसते, आणि पांढऱ्या शाईस नेमकी हीच स्वस्थता बाधते. प्रिंट हेड हा यंत्रातील महागड्या भागांपैकी एक होय. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेसारख्या मार्गाने कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या तरुणाचे हेड निकामी झाले तरी हप्ते थांबत नाहीत. रंगीत शायांचे यंत्र हा धोका पूर्णतः नाहीसा करीत नसले तरी बराच कमी करते.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. काळ्या व गडद निळ्या टी-शर्टला तरुणांची पसंती असते. ती कामे या पद्धतीत नाकारावी लागतात किंवा स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याकडे पाठवावी लागतात. आपल्या परिसरातील मागणीत फिकट कपड्यांचे प्रमाण किती, याची चौकशी यंत्र घेण्यापूर्वीच होणे गरजेचे आहे. ही पाहणी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. रंगमिश्रणाचा भाग भौतिकशास्त्र, शाईचा भाग रसायनशास्त्र आणि कापडाचा भाग गृहविज्ञान विभाग सहज शिकवू शकतो. एका स्थानिक व्यवसायाच्या निमित्ताने विविध विद्याशाखा एकत्र येण्याची ही चांगली संधी आहे.

निष्कर्ष :

१) फिकट कापडावरील छपाईत कापड हीच पांढरी शाई असते, म्हणून कापडाच्या पांढरेपणाइतकाच चित्राचा उजळपणा मिळतो.
२) पांढरी शाई वगळल्याने खर्च, देखभाल व पूर्वप्रक्रिया कमी होते, मात्र गडद कपड्यांची कामे सोडावी लागतात.
३) शंभर टक्के सुती, घट्ट विणीचे व खळविरहित कापड या पद्धतीस सर्वाधिक योग्य आहे.
४) कुडव्यासारख्या ठिकाणी, जेथे मागणी हंगामी व नगांची संख्या अल्प असते, तेथे चार शायांपासून प्रारंभ करणे व गडद कपड्यांची मागणी सिद्ध झाल्यावरच पांढऱ्या शाईकडे वळणे हा अधिक सुरक्षित क्रम होय.
५) यंत्राच्या किमतीइतकेच कापडाच्या ज्ञानाला महत्त्व आहे. ते ज्ञान तरुणांपर्यंत कर्ज काढण्यापूर्वी पोहोचविणे हे स्थानिक महाविद्यालयांना सहज साध्य होण्याजोगे कार्य आहे.