ट्रक घाटात ओढत नाही? आधी इंटरकूलर बघा

मच्छीमार बांधवांनो, जेटीवरून बेळगावला निघालेला भरलेला ट्रक चोर्ला घाटात धापा टाकतो, काळा धूर सोडतो. तिथे अडकला की बर्फ वितळतो, मासळीचा भाव पडतो. पण लगेच टर्बो खोलू नका.

टर्बोने दाबलेली हवा १५० अंशांच्या वर तापू शकते. इंटरकूलर ती थंड करतो. तो कमी पडला की गरम, विरळ हवा इंजिनात जाते आणि डिझेल पुरतं जळत नाही.

आम्ही असं तपासायला सांगतो:

१. सकाळी थंड इंजिनावर स्कॅनर लावा. इनटेक हवा आणि कूलंट, दोन्हींचं तापमान बाहेरच्याइतकंच दिसायला हवं. मोठा फरक दिसला तर सेन्सर, वायरिंग बघा.

२. लोडवर चालताना बाजूच्या माणसाने आकडा वाचावा. इंटरकूलरनंतरची हवा बाहेरच्यापेक्षा साधारण २५ अंशांहून जास्त गरम राहिली, तर इंटरकूलरची जाळी बघा. त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये अडकलेला कचरा समोरून दिसत नाही.

३. जाळी स्वच्छ असेल तर फॅनचा क्लच आणि पट्टा बघा.

जाळी धुताना पाणी हलक्या प्रेशरने, इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात.

आपल्या ट्रकवाल्यांनाही हे सांगा.