थुंकीची डबी

क्षयाचा संशय आला की सरकारी दवाखान्यात रुग्णाच्या हातावर प्लॅस्टिकची एक डबी ठेवतात आणि सांगतात, ‘उद्या सकाळची थुंकी आणा.’ रुग्ण इमानेइतबारे थुंकी आणतो. प्रयोगशाळेला हवा असतो बेडका: छातीच्या तळातून खोकून काढलेला, घट्ट, पिवळसर. तोंडातल्या पातळ लाळेत क्षयाचे जंतू हाती लागतीलच असं नाही. पण ‘बेडका आणा’ म्हणायला सांगणाऱ्यालाही कसंसंच वाटतं, म्हणून थुंकी या एकाच शब्दावर दोन्हींचं भागवलं जातं. शब्दाने केलेला हा घोटाळा डबीला निस्तरावा लागतो. ती पारदर्शक हवी, म्हणजे झाकण न उघडता कळतं की आत बेडका आहे की नुसती लाळ.

अशा डब्या कशा घडतात हा विषय मुंबईतल्या गोरेगावात नजरेआड करणं कठीण. पूर्वेला वालभट रोडवरची कामा इस्टेट, पश्चिमेला उद्योगनगर, दोन्हीकडे छोट्या उद्योगांचे गाळे. हायवेला लागून नेस्कोची प्रदर्शनाची दालनं. 2020 च्या जानेवारीत तिथे ‘प्लास्टिव्हिजन’ हे प्रदर्शन भरलं होतं. प्लॅस्टिकचा दाणा वितळवून क्षणात बाटल्या, झाकणं, डब्या पाडणारी यंत्रं त्यात मांडलेली असतात. त्याच वर्षी नेस्कोत कोविडच्या खाटा लागल्या, आणि एरवी कुणी ढुंकून न पाहिलेली नमुन्याची नळी घराघरात चर्चेचा विषय झाली.

डबी गळते कुठून? अंगातून क्वचितच. गळते ती मानेशी, झाकण बसतं तिथे. पॉलिप्रॉपिलीनचा दाणा दोनशे अंशांच्या वर वितळवून पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबाने भरतात. थंड होताना माल एक-दोन टक्के आकसतो, म्हणून डाय मुळातच किंचित मोठी कापावी लागते. झाकण आणि डबी वेगवेगळ्या डायमधून निघतात, कधी वेगवेगळ्या मालाच्याही असतात. दोघांचं आकसणं जुळलं नाही तर आटे फिरतात, पण बूड टेकत नाही. खरी राखण आट्यांची नसतेच. झाकणाच्या आत एक बारीक कडं असतं, ते मानेच्या आतल्या भिंतीला घासत उतरतं आणि पाण्याची वाट बंद करतं. डायचे दोन भाग जिथे मिळतात तिथली रेघ मानेच्या काठावरून गेली, तर तिथे केसाएवढा फ्लॅश, म्हणजे जादा मालाची कड, राहते आणि झाकण नीट टेकत नाही. तेवढी फट थेंबाला पुरते. परीक्षा साधी घेता येते: रंगीत पाणी भरायचं, डबी टीपकागदावर उलटी ठेवायची आणि सकाळी डाग बघायचा. विमानाने जाणाऱ्या नमुन्याचं प्रकरण कडक. तिथे आतल्या किंवा मधल्या भांड्याला 95 किलोपास्कल दाबाचा फरक न गळता सोसावा लागतो, म्हणजे जवळजवळ अख्ख्या वातावरणाचा दाब.

पण गळू नये म्हणून झाकण करकचून बसेल असं करावं, तर उघडणार कोण? ही डबी वापरणारा माणूस आजारी असतो. पहाटे उठून खोकतोय, धाप लागलीय, बोटं थरथरताहेत. झाकण तिरकं बसलं किंवा आट्यांवर बेडका सांडला, की उत्तम डायचंही काही चालत नाही. म्हणून झाकणाच्या कडेला खाचा हव्यात, आटे रुंद आणि कमी फेऱ्यांचे हवेत. जागतिक आरोग्य संघटना बेडक्याच्या डबीला किमान 35 मिलिमीटरचं तोंड सांगते. त्याउलट कल्चर किंवा जनुकीय तपासणीसाठी दिली जाणारी 50 मिलिलिटरची फाल्कन ट्यूब बाहेरून 30 मिलिमीटरच्या आसपास, तोंड त्याहून अरुंद. प्रयोगशाळेला ती सोयीची, कारण तशीच्या तशी सेंट्रिफ्यूजमध्ये जाते. खोकणाऱ्याला मात्र नेम धरावा लागतो. माझ्या मते इथे डिझाइन चुकीच्या माणसाच्या बाजूने झुकलेलं आहे.

शुद्ध लाळ हवी असते तेव्हा वेगळीच गंमत. मुंबईत भिंती, जिने, रेल्वेचे रूळ काहीही न सोडणाऱ्या माणसाच्या हातात डबी द्या, त्याचं तोंड कोरडं पडतं. एरवी लाळ मिनिटाला अर्ध्या मिलिलिटरहून कमीच पाझरते, म्हणजे दोन मिलिलिटर भरायला पाच-सात मिनिटं बसावं लागतं, आणि वर आलेला फेस मोजायचा नाही. चिंच आठवली तर काम लवकर होतं. डीएनए तपासणीसाठी कॅनडाच्या ‘डीएनए जेनोटेक’ने केलेल्या संचात नळीवर नरसाळं असतं आणि टिकवणारा द्रव झाकणातच पडद्यामागे कोंडलेला असतो. झाकण लावलं की पडदा फाटून द्रव खाली उतरतो. रुग्णाला काही मोजायचं नाही, ओतायचं नाही.

कोविडच्या तपासणीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार आणि सहकाऱ्यांनी याहून सोपी वाट काढली. सलाइन भरलेली साधी नळी, त्यातल्या पाण्याने पंधरा सेकंद गुळण्या आणि चूळ, मग ते पाणी परत नळीत. नाकात काडी घालणारा माणूसच लागत नाही. मे 2021 मध्ये आयसीएमआरने या पद्धतीला मान्यता दिली. गुळण्या करायला आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, हे या पद्धतीचं अर्धं यश असावं.

थुंकीची डबी काही नवी नाही. 1889 मध्ये जर्मनीतल्या फाल्केनस्टाइनच्या डॉ. डेटवायलर यांनी क्षयरोग्यांसाठी खिशात मावणारी थुंकदाणी काढली. गडद निळ्या काचेची, वर झाकण, धुण्यासाठी खालून उघडणारी. लोक तिला ‘निळा हाइनरिश’ म्हणत. ती निळी होती, आपली डबी पारदर्शक आहे, आणि तरी सकाळी दवाखान्याच्या रांगेत ती क्वचितच उघडी दिसते. वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर काळी पिशवी, पिशवीला गाठ. खिडकीपाशी नंबर आला की आधी ती गाठ सोडवत बसावं लागतं.