राईच्या कडेची माती

भोर तालुक्यात माझ्या मामाचं गाव आहे. तिथल्या देवराईला कुंपण नाही. जांभूळ-हिरड्याची गच्च सावली जिथे संपते, तिथून दोन पावलांवर नाचणीचं वरकस सुरू होतं. उतार तोच, खालचा कातळ तोच, पाऊसही तोच. शाळकरी वयात एका मे महिन्यात राईतल्या पाचोळ्याखाली मी सहज हात घातला, तर तो मनगटापर्यंत आत गेला. माती काळसर तपकिरी होती, थंड होती, मुठीत दाबली की गोळा व्हायचा आणि अंगठ्याने ढकलला की पुन्हा भुगा. तिथून उठून वरकसात आलो आणि खुरपं मारलं, तर टोक ठणकन वाजलं. मामाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ती देवीची माती. आपली मूळचीच मुरमाड."

'मूळचीच' हा शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. पुढे पंचवीस-तीस वर्षं मातीबद्दल जे सापडेल ते वाचत गेलो, त्याची सुरुवात त्या दिवसाची. आणि मग एकदा ह्यू हॅमंड बेनेट या अमेरिकन मृदातज्ज्ञाची आठवण वाचनात आली. तिच्यात हाच अनुभव होता, फक्त गाव व्हर्जिनियातलं होतं आणि साल १९०५.

बेनेटचं नाव मृदसंधारण शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. १९३५ची धुळीची वादळं, वॉशिंग्टनच्या खिडक्यांपर्यंत पोचलेली पश्चिमेची माती, सिनेटसमोर बोलणारा धिप्पाड बेनेट आणि २७ एप्रिलला सही झालेला मृदसंधारण कायदा, ही कथा इतक्यांदा सांगून झाली आहे की मी तिच्यात शिरत नाही. मला ओढ आहे ती त्याआधीच्या तीस वर्षांची.

१९०५ साली बेनेट चोवीस वर्षांचा होता. जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. १९०३मध्ये तो सरकारच्या मृदा खात्यात लागला. डब्ल्यू. ई. मॅक्लेंडन या सहकाऱ्याबरोबर त्याला व्हर्जिनियातल्या लुइझा कौंटीत पाठवलं गेलं. रिचमंड आणि शार्लट्सव्हिल यांच्या मधला हा प्रदेश 'पडीक जमिनीचा मुलूख' म्हणून बदनाम होता. तंबाखूने दीडशे वर्षं पिळलेली जमीन, आणि उत्पन्न का घटलं हे शोधण्याची जबाबदारी या दोन पोरांवर. हातात गिरमिट, कामाची रीत ठरलेली: भोक पाडायचं, माती बोटांत चोळायची, रंग बघायचा आणि एक इंचाला एक मैल या प्रमाणात नकाशा रंगवायचा.

हिंडता हिंडता ते दोघे एका जंगलाच्या कडेला आले. एका बाजूला कधीही नांगर न लागलेलं झाडाझुडपांचं रान, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं कसलेलं शेत. उतार एक, खालचा खडक एक. रानातली माती कोरड्या दिवसांतही ओलसर होती आणि इतकी मऊ, की नुसत्या हाताने उकरता यावी. शेतातली माती विटेसारखी टणक. दोन्ही जमिनी मुळात एकच होत्या. शेतावरची साल पावसाने दरवर्षी कागदाएवढी सोलून नेली होती, कुठेही मोठी घळ न पाडता, कुणाच्या नजरेत न भरता. आपल्याकडच्या कृषिशास्त्राच्या पुस्तकांत याला 'सालकाढी धूप' असा नेमका शब्द आहे. केळ्याची साल निघावी तशी जमिनीची साल निघते, आणि शेतकरी म्हणतो की यंदा माती थोडी तांबडी दिसतेय.

त्या रानातली माती म्हणजे आपला पोयटा. वाळू आणि गाळ साधारण पाच भागांतले दोन-दोन आणि चिकणमाती एक भाग, असं ढोबळ प्रमाण. पण नुसत्या प्रमाणाने जंगलातली माती होत नाही. तेच प्रमाण घमेल्यात कालवून ठेवा, पहिल्या पावसात त्याचा गारा होईल. जंगलात थेंब आधी पानावर पडतो, मग पाचोळ्यावर, आणि जमिनीला लागतो तेव्हा त्याचा मार संपलेला असतो. खाली गांडुळांची बिळं, कुजून गेलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या, आणि बुरशीच्या धाग्यांनी बांधलेले मातीचे कण. पाणी या वाटांनी खाली उतरतं. मोठ्या वाटा रिकाम्या झाल्या की त्यांत हवा शिरते, बारीक छिद्रांत ओल टिकते. चांगला निचरा झालेली जमीन रंगावरूनही ओळखता येते: लोहाला हवा मिळते म्हणून ती तपकिरी किंवा तांबूस दिसते, आणि जिथे पाणी तुंबतं तिथे राखी डाग पडतात. आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी एक शब्द आहे, वाफसा. पाऊस उघडल्यावर दोन-चार दिवस वाट बघून शेताला जो वाफसा येतो, तो रानातल्या मातीला बहुतेक सगळा काळ असतो.

आता भांडणाकडे येतो, कारण लुइझातला तो साक्षात्कार खात्यात कुणालाच नको होता.

मृदा खात्याचा प्रमुख मिल्टन व्हिटनी हा १८९४पासून १९२७मध्ये मरेपर्यंत त्या खुर्चीत होता. १९०३मध्ये त्याने फ्रँक कॅमरन या रसायनज्ञाबरोबर बावीस क्रमांकाची पत्रिका काढली. जवळजवळ प्रत्येक जमिनीत पिकाला पुरेसं अन्न असतंच, उत्पन्नातला फरक पडतो तो पोत, ओल आणि मशागत यांमुळे, असा तिचा सारांश. देशभरचे मृदातज्ज्ञ खवळले. कॅलिफोर्नियाचा म्हातारा युजीन हिल्गार्ड पुढे सरसावला. हिल्गार्डने १८६०मध्येच मिसिसिपीच्या भूवैज्ञानिक अहवालात टेकड्यांवरची माती वाहून जात असल्याबद्दल हळहळ व्यक्त केली होती. इलिनॉयचा सिरिल हॉपकिन्स तर वर्षानुवर्षं व्हिटनीच्या मागे लागला. खात्याच्या आतच एफ. एच. किंग होता, त्याचे प्रयोग साहेबाच्या सिद्धान्ताला छेद देत होते. त्याचे काही अहवाल खात्याने छापायला नकार दिला. १९०४मध्ये किंग बाहेर पडला आणि त्यातले काही त्याने स्वतःच छापले. पुढे १९०९मध्ये तो चीन, कोरिया, जपान हिंडून आला. चाळीस शतकं तीच जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांवरचं त्याचं पुस्तक १९११मध्ये निघालं, ते बघायला तो नव्हता. त्याच्या बायकोने, कॅरीने, ते पूर्ण करून प्रसिद्ध केलं. आज आपल्याकडचे सेंद्रिय शेतीवाले ते पुस्तक मानाने वाचतात.

१९०८मध्ये व्हाइट हाउसला राज्यपालांची परिषद भरली, तिथे टी. सी. चेंबरलिन या भूवैज्ञानिकाने मातीच्या नासाडीवर भाषण केलं. खडकापासून एक फूट माती तयार व्हायला त्याच्या अंदाजाने दहा हजार वर्षं लागतात. बेनेट पुढे या भाषणाचं ऋण मानत असे. आणि दुसऱ्याच वर्षी, १९०९मध्ये, व्हिटनीच्या खात्याने पंचावन्न क्रमांकाची पत्रिका काढून जाहीर केलं की जमीन ही देशाची कधीच न संपणारी, वापरून न झिजणारी एकमेव संपत्ती आहे. बेनेटला या वाक्याचा आयुष्यभर राग होता. एवढ्याशा वाक्यात इतकी महागडी चूक मावू शकते याचं त्याला नवल वाटे. मला तो राग पूर्णपणे पटतो. लहान पदावरचा माणूस चुकला तर एक शेत चुकतं, हे वाक्य देशाच्या तिजोरीतून छापलं गेलं होतं.

पण माझ्या मते व्हिटनीच्या वाक्याहून खोल इजा नकाशांनी केली. लुइझा ज्यात मोडतं त्या पीडमाँट नावाच्या डोंगरपायथ्याच्या पट्ट्यात सर्वांत जास्त पसरलेली माती म्हणजे 'सेसिल'. मेरीलँडमधल्या सेसिल कौंटीवरून १८९९मध्ये हे नाव पडलं. ती मूळची ओक, हिकरी आणि पाइनच्या जंगलाखालची, खोल, उत्तम निचऱ्याची. वर वाळूमिश्रित पोयटा, खाली लालभडक चिकणमाती. आज एक कोटी एकरांहून जास्त क्षेत्र या नावाखाली मोडतं. सुरुवातीच्या नकाशांत तिचे वेगवेगळे रंग होते: सेसिल वाळूमिश्रित पोयटा एका रंगात, सेसिल चिकण दुसऱ्या रंगात. जणू दोन जाती. प्रत्यक्षात चिकण म्हणून रंगवलेलं पुष्कळसं क्षेत्र पोयट्याचंच होतं, त्याची साल गेली होती आणि आतलं लाल मांस उघडं पडलं होतं. सर्वेक्षक प्रामाणिक होते. गिरमिटाला जे लागलं ते त्यांनी लिहिलं. पण जखमेची नोंद जात म्हणून झाली, आणि एकदा जात ठरली की 'मूळची कशी होती' हा प्रश्नच उरत नाही.

बेनेटने तो प्रश्न सोडला नाही. १९११मध्ये साउथ कॅरोलायनातल्या फेअरफील्ड कौंटीचा नकाशा झाला, त्यात एकेकाळी पिकणारी ९०,००० एकर जमीन चक्क घळींची जमीन म्हणून वेगळी दाखवली गेली, आणि वरून आलेल्या गाळाने दलदल झालेली ओढ्याकाठची ४६,००० एकर निराळी. हे वाहून गेल्याचं नाव नकाशावर आलं, याला मी त्या काळातली मोठी हिंमत म्हणतो. पुढची वर्षं भराभर सांगतो: अलास्का, पनामा, क्यूबा अशा फेऱ्या, मिसूरीत मिलर आणि ड्यूली यांनी १९१७मध्ये वाहत्या मातीची मोजदाद सुरू केली, तिचा मिळालेला आधार, १९२८मध्ये चॅपलाइनबरोबर काढलेली धूप हे राष्ट्रीय संकट असल्याची पत्रिका, मग प्रयोगकेंद्रांसाठी १,६०,००० डॉलर. व्हिटनी तोवर वारला होता. पीडमाँटचा हिशेब १९७४मध्ये स्टॅन्ली ट्रिंबलने मांडला: वसाहतीच्या काळापासून सरासरी सात इंच माती गेली. सात इंच म्हणजे साधारण तेवढीच खोली, जेवढा त्या मे महिन्यात माझा हात आत गेला होता.

बांध घालण्याची आपली परंपरा बेनेटहून जुनी आहे, आणि जमीन सुधारणेचा मुंबई इलाख्याचा कायदाही १९४२चा. बहात्तरच्या दुष्काळात मामाने समपातळी बांधांवर मजुरी केली होती. त्या बांधांनी पुष्कळ माती अडवली. पण आपल्या सह्याद्रीच्या उतारांवरची माती 'मूळची' कशी होती, ते सांगणारी नोंद बहुतेक गावांत एकच आहे: देवराई. लाकडासाठी, औषधांसाठी, श्रद्धेसाठी आपण राया मोजल्या. राईतली आणि शेजारच्या वरकसातली माती शेजारी शेजारी ठेवून फार थोड्यांनी पाहिली.

गेल्या पावसाळ्याआधी मी पुन्हा गेलो. मामा आता थकलाय, काठी टेकत आला. राईच्या कडेला उभं राहून नीट पाहिलं तर दिसतं की वरकस राईहून खाली आहे, वीतभर. इतकी वर्षं त्याला आम्ही जमिनीचा उंचसखलपणा समजत होतो. कडेच्या जांभळाचं एक मूळ राईतून बाहेर येतं आणि वरकसाच्या बाजूला उघडं पडून हवेत लोंबतं. मामाने काठीचं टोक त्या मुळाखाली घातलं आणि मुळापासून वरकसापर्यंत बोटाने वीत मोजली. मग दुसऱ्यांदा मोजली.

"एवढी होती म्हणजे," तो म्हणाला.